विणकरांच्या ताटातलं ल्यों



मला फ्रेंच जेवण आवडतं असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं, मग प्रश्न येतो. ‘तुम्ही मुसलमान असून?’ हा ‘असून’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तीस वर्षं मराठीत कविता लिहितो आहे, तेव्हापासून तो माझ्या मागे आहे. ‘मुसलमान असून मराठीत लिहिता?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, बहुतेकदा कौतुकच असतं. पण त्या एका शब्दात एक पाट तुमच्यासाठी मांडलेला नव्हता, तरी तुम्ही येऊन बसलात, असं काहीतरी असतं. जेवणाच्या बाबतीत मात्र प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. फ्रेंच स्वयंपाकात पदोपदी वाइन आहे, डुकराची चरबी आहे, आणि बाकीचं मांसही आमच्यासाठी हलाल नसतं. मग राहतं काय? त्याचं उत्तर मला एका शहरात मिळालं. त्या शहराच्या खानावळींबद्दल आज बोलणार आहे.

ते शहर पॅरिस नव्हे. त्याचं नाव आपण लिऑन असं लिहितो, तिथली माणसं ‘ल्यों’ म्हणतात, शेवटचा स्वर नाकात. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ते वसलं आहे. तिथं गमतीनं म्हणतात की शहरातून तीन नद्या वाहतात, तिसरी बोजोले वाइनची. 1930च्या दशकात क्युर्नोन्स्की या नावानं लिहिणाऱ्या प्रसिद्ध खाद्यलेखकानं ल्योंला खाण्याची राजधानी म्हटलं आणि ती पदवी शहरानं आजतागायत मिरवली आहे.

फ्रेंच खाण्याचा नाद मला लागला तो पाँडिचेरीत. बँकेच्या नोकरीत 2003 ते 2006 अशी तीन वर्षं माझी बदली तिथं होती. फ्रेंचांनी ते गाव 1954 साली सोडलं, पण बेकरीत लांबोडका पाव राहिला, संध्याकाळी फ्रेंच शिकवणारे वर्ग राहिले. मी दोन्हींचा लाभ घेतला. भाषा जेमतेम आली. जिभेला चव मात्र पुरती आली. लोणी, साय, अंडं आणि पीठ या चार गोष्टींतून हे लोक काय काय काढतात, याचं तेव्हापासून नवल वाटत आलं आहे.

ल्योंला माझा भाचा नोकरी करतो. नोव्हेंबर 2022 मध्ये मी त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, ‘मामू, इथल्या हॉटेलात तुमच्या खाण्याजोगं काही नाही. आपल्या लोकांची वस्ती आहे, तिकडे नेतो.’ आपल्या लोकांची वस्ती म्हणजे ला गियोतिएर. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को इथून आलेल्यांची दुकानं, खाटीकखाने आणि उपाहारगृहं तिथं दाटीवाटीनं आहेत. शुक्रवारी शहराच्या मोठ्या मशिदीत नमाज पढलो. ही मशीद 1994 साली उघडली. नंतर ला गियोतिएरमध्ये कुसकुस खाल्लं. रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, वर गाजर, सलगम, भोपळा, हरभरे आणि मटणाचा पातळ रस्सा. 2020 साली युनेस्कोनं कुसकुस हा चार देशांचा सामाईक वारसा म्हणून नोंदवला. फ्रेंच माणूसही ते आता घरच्यासारखंच खातो. मीही पोटभर खाल्लं. पण भाच्याला सांगितलं, बाबा, हे झालं. आता मला ल्योंचं जेवण दाखव. मी परदेशात आलो की मला आपल्या लोकांच्या गल्लीत नेऊन बसवायचं, हे मला पटत नाही. सोलापुरातही कुणी मला असं एका गल्लीत बसवलेलं मला चाललं नसतं.

ल्योंच्या खास खानावळीला ‘बूशों’ म्हणतात. या शब्दाचा आजचा अर्थ बाटलीचं बूच. पण खानावळीचं नाव बुचावरून आलेलं नाही, असं जाणकार सांगतात. जुन्या काळी घोड्यांचा खरारा करायला गवताची पेंडी वापरत, तिच्यावरून ते आलं असावं. सराईच्या दारावर अशी पेंडी टांगलेली असली की वाटसरूनं समजायचं, इथं घोड्याला चारा आहे आणि आपल्याला जेवण. आता घोडे नाहीत, पेंडी नाही. लाकडी टेबलं, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर जुनी चित्रं आणि खडूनं लिहिलेली काळी पाटी. टेबलं इतकी जवळजवळ की शेजाऱ्याच्या ताटात काय आहे हे न पाहणं अशक्य. दुपारी बारा ते दोन जेवण. सव्वादोनला गेलात तर चूल बंद. पाव आणि नळाचं पाणी मागितलं तर त्याचे पैसे नाहीत, आणि पाणी मागणाऱ्याकडे कुणी वाकडं पाहत नाही. आपल्यासारख्यांना हे माहीत असलेलं बरं.

काळ्या पाटीवरचे पदार्थ वाचायला लागलो तसा मी चक्रावलो. राजधानीच्या पाटीवर मेजवानी असेल असं वाटलं होतं. पाटीवर काय होतं? वजडी. कोंबडीच्या काळजांचा वाफवलेला गोळा. डुकराच्या आतड्यांत भरलेली आतडी. वासराचं डोकं. चरबी तळून उरलेला चुरा. मसूर. शिळ्या पावाचे तुकडे घातलेली कोशिंबीर. पाया आणि वजडी ज्यांच्या घरी शिजते त्यांना ही यादी समजायला शब्दकोश लागत नाही. श्रीमंताच्या घरी मांडी आणि पुठ्ठा गेला की जे खाटकाकडे उरतं, त्याची ही यादी आहे. वजडीच्या पदार्थाचं नावच मुळी ‘ताब्लिए द सापर’, म्हणजे लष्करातल्या सुरुंगवाल्याचा चामडी एप्रन. उकडलेल्या वजडीचा चौकोनी तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात, तो दिसतो तसाच. माझी अम्मी वजडी चुन्यानं साफ करायची, मग हळद-आलं घालून तासन् तास शिजवायची. ल्योंमध्ये ती पांढऱ्या वाइनमध्ये मुरवतात, त्यामुळे माझ्यासाठी ती नव्हतीच. पण शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना ती खाताना पाहिलं आणि वाटलं, हा माणूस आमच्या मोहल्ल्यात सहज बसला असता.

हे जेवण कुणाचं होतं? इथं मला ल्योंची खरी ओळख सांगितली पाहिजे. हे रेशमाचं शहर आहे. शहराच्या दोन टेकड्या. एकीवर मोठं चर्च, तिला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात. दुसरी क्रुआ-रूस, ती काम करणारी टेकडी. या टेकडीवर रेशीम विणणारे राहत. त्यांना ‘कान्यू’ म्हणत. त्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या खिडक्या पाहूनच कळतं की इथं साधी माणसं राहत नव्हती, माग राहत होते. छत चार मीटर उंच, कारण मागाची उंची तेवढी. माग खिडकीजवळ, उजेडात. कुटुंब मागं पोटमाळ्यावर झोपणार, चूल कोपऱ्यात. माग विणकराचा, रेशीम व्यापाऱ्याचं, आणि मजुरी जितकं विणलं तितकी.

मी सोलापूरचा आहे. माझे अब्बा पूर्व भागात एका कारखान्यात चादरी विणायचे. सोलापुरी चादरीवर मोर, फुलं, नक्षी उठते ती जॅकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तिथं एक धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही, आणि खाली मोर उमटतो. लहानपणी मला जॅकार्ड हे एखाद्या सुट्या भागाचं नाव वाटायचं, जसं धोटा, जशी कांडी. ते माणसाचं नाव आहे. जोसेफ-मारी जॅकार्ड, जन्म 1752, ल्यों. त्यानं हा माग 1804च्या सुमारास सिद्ध केला. क्रुआ-रूसच्या चौकात त्याचा पुतळा आहे. त्या पुतळ्याखाली मी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या विणकरांनी मागाच्या आवाजावरून एक शब्द केला होता, ‘बिस्तांक्लाक’. ओठांत म्हणून पाहा. धोटा एका बाजूनं सुटतो, दुसऱ्या बाजूला आदळतो, फणी बसते. आमच्या गल्लीत रात्रभर हाच आवाज यायचा, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

या विणकरांनी नोव्हेंबर 1831 मध्ये बंड केलं. मजुरीचा किमान दर ठरला होता आणि बऱ्याच व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, असं त्यांच्या काळ्या झेंड्यावर लिहिलेलं होतं. काही दिवस शहर त्यांच्या हातात होतं. 1834 मध्ये पुन्हा उठाव झाला, तो सैन्यानं चिरडला. आमच्या सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. लढे वेगळे, शत्रू वेगळे. पण कापडाची दोन शहरं आहेत, त्यामुळे मनात ती शेजारी येऊन बसतात, त्याला इलाज नाही.

तर बूशोंमधलं जेवण या कामगारांचं होतं. रात्री काम करून सकाळी भूक लागे, तेव्हा नऊच्या सुमाराला ते जड न्याहारी करत. तिला ‘माशों’ म्हणतात आणि तिची हौस आजही काही मंडळी करतात. आपल्याकडे रात्रपाळी सुटल्यावर पहाटे निहारी आणि पाया खाणारे असत, तशातलाच प्रकार. निहारी हा शब्दही सकाळीवरूनच आला आहे, अरबीत ‘नहार’ म्हणजे दिवस.

आता मला खाता आलं ते काय, हे सांगतो. पहिला नंबर ‘सेर्वेल द कान्यू’चा. शब्दशः अर्थ विणकराचा मेंदू. घाबरू नका, यात मेंदू नाही. पाणी निथळलेलं ताजं पांढरं चीज, आपल्या चक्क्यासारखंच, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, कांद्याच्या पातीसारखी एक हिरवी पात, मीठ, मिरी, तेल आणि थोडा व्हिनेगर. नावाबद्दल दोन गोष्टी ऐकवतात. एक अशी की विणकराला मेंढीचा मेंदू परवडत नसे म्हणून त्यानं चक्क्यालाच मेंदू म्हटलं. दुसरी अशी की वरच्या वर्गानं विणकराची टर उडवली, याच्या डोक्यात मेंदूऐवजी दही आहे म्हणून. मला दुसरी खरी वाटते. पुरावा काही नाही, पण गरिबाच्या जेवणाला नावं कोण ठेवतं हे मला माहीत आहे. खरी गोष्ट कुठलीही असो, विणकरांची पोरं ते नाव आज अभिमानानं पाटीवर लिहितात. काही जण यात पांढऱ्या वाइनचा शिडकावा करतात, म्हणून आधी विचारावं लागतं.

विचारावं लागतं, हा सगळ्यातला अवघड भाग. पाहुणा म्हणून बसायचं आणि प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी घ्यायची. भाचा म्हणत होता, मामू, त्यांना राग येतो. एका बूशोंच्या मालकीणबाई साठीच्या असतील. मी त्यांना माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, मला वाइन नको, डुक्कर नको, मांसही नको, पण मला तुमचंच जेवण जेवायचं आहे, ऑम्लेट नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि खडू घेऊन एकेका पदार्थापुढे बारीक खूण करत गेल्या. हा नाही. हा नाही. याच्यात वाइन आहे. याच्या रश्श्यात वासरू आहे. तेरा पदार्थांपैकी चार उरले. ‘चार पुरे,’ त्या म्हणाल्या, ‘तुमचं पोट एकच आहे.’

त्या चारांत केनेल होतं. पाईक नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो, चविष्ट पण काट्यांनी भरलेला. काटे काढणं जिवावर येतं म्हणून त्याचं मांस कुटून चाळणीतून काढतात, पीठ, अंडं, लोणी घालून लांबट गोळे करतात, पाण्यात उकडतात आणि मग सॉस घालून भट्टीत ठेवतात. गोळा फुगून दुप्पट होतो. चमचा लावला की आत नुसती हवा आणि माशाचा वास. कोफ्त्याचा हा फारच हलका चुलतभाऊ. शब्द जर्मन ‘क्नोडल’वरून आला आहे म्हणतात. सॉस नांत्युआ गावच्या नावाचा, दूध-लोणी-मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये साय आणि गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीचं लोणी.

इथं एक घरगुती कायदेशीर पेच आला. अब्बा हनफी, त्यांच्या मते पाण्यातलं फक्त मासा चालतो, शेवंड-कोळंबी नको. अम्मी कोकणातली, शाफई, तिला समुद्रातलं सगळं हलाल. आमच्याकडे कोळंबी शिजली की अब्बांना वेगळं कालवण असे आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही. केनेलच्या वेळी मी अम्मीच्या बाजूनं झालो. मालकीणबाईंनी सॉसमध्ये ब्रँडी नाही याची खात्री आत जाऊन आचाऱ्याकडून करून आणली होती.

अशा बायका ल्योंच्या स्वयंपाकाचा कणा आहेत. त्यांना ‘मेर’ म्हणत, म्हणजे आई. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या अनेक बायकांनी ती नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खानावळी काढल्या. यांतली सर्वांत मोठी ओजेनी ब्राझिए. 1895चा जन्म, शेतकऱ्याची पोर, दहाव्या वर्षी आई गेली, शेतावर राबली. लग्नाआधी मूल झालं म्हणून बापानं घराबाहेर काढलं. ल्योंला येऊन चुलीपाशी लागली. 1921 साली स्वतःची खानावळ काढली आणि 1933 साली तिच्या दोन खानावळींना मिशलँ मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन, असे सहा तारे मिळाले. तोवर असं कुणालाच जमलं नव्हतं, ना बाईला ना पुरुषाला. पुढं जगभर गाजलेला पोल बोक्यूझ हा तरुणपणी तिच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करत होता. 2018 साली तो वारला. शहरातल्या मोठ्या झाकलेल्या मंडईला त्याचं नाव आहे. ब्राझिएचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मला तिच्यावरून मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवल्या, गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं. त्यांच्या स्वयंपाकाला तारे द्यायला कुणी आलं नाही, एवढाच फरक.

ब्राझिएचा नावाजलेला पदार्थ कोंबडीचा. ब्रेस प्रांतातली कोंबडी, पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, म्हणजे फ्रान्सचा झेंडाच चालतो आहे. कातडीखाली काळ्या ट्रफलचे काप सरकवून ती मंद उकडतात. काळं-पांढरं दिसतं म्हणून नाव ‘अर्ध्या सुतकातली कोंबडी’. ती मी खाल्ली नाही, कारण ती हलाल नव्हती. खंत वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू? कविता लिहिणाऱ्या माणसाला असं नाव सोडून देणं जड जातं. पण एखादी भाषा आपली म्हणायला तिच्यातला शब्दन् शब्द वापरावा लागतो असं थोडंच आहे. मराठीतले कितीतरी शब्द मी कधी वापरणार नाही.

गोडाचं मात्र सगळं ताट माझं. गुलाबी प्रालीनचा टार्ट हा ल्योंचा खास. बदामावर गुलाबी साखरेचा खडबडीत लेप, दिसायला आपल्या जत्रेतल्या साखरफुटाण्यासारखा. हे बदाम ठेचून साईत आटवतात आणि पिठाच्या कुरकुरीत वाटीत ओततात. रंग इतका भडक की पहिल्यांदा पाहणाऱ्याला मिठाईवाल्यानं फसवलं असं वाटावं. चव बासुंदी आणि चिक्कीच्या मधली.

शेवटच्या आठवड्यात मी त्याच बूशोंमध्ये तिसऱ्यांदा गेलो. गर्दी ओसरली होती. मालकीणबाई कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी बसल्या. त्यांचे आजोबा क्रुआ-रूसवर विणकाम करत, असं त्यांनी सांगितलं. मी अब्बांचं सांगितलं, जॅकार्डचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडचे विणकर काय खातात? मी म्हटलं, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, चटणीही टिकते, चूल पेटवायला वेळ नसला तरी चालतं. चटणी कशी करतात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि उखळात इतकं कुटायचं की दाण्याचं तेल सुटलं पाहिजे. त्यांनी बिलाच्या कागदामागे लिहून घेतलं. शेंगदाणे आमच्याकडे दारूबरोबर खातात, त्या म्हणाल्या, जेवणात कुणी घेत नाही. मग थोडा विचार करून विचारलं, ही चटणी चीजमध्ये कालवली तर?

मी म्हटलं, आम्ही दह्यात कालवतोच.